मॅन्युअल वाचलं नव्हतंस का?

"मामू, सब गया."

मगरिबनंतर भाचीचा फोन आला आणि पहिले दोन क्षण मला वाटलं, घरात कुणाचं तरी काही झालं. मग ती रडत रडत सांगायला लागली. प्रोजेक्टची कॉपी बाहेरच्या डिस्कवर घेत होती. कॉपी झाली. डिस्कवर आधीपासून असलेलं बाकी सगळं मात्र पुसलं गेलं.

त्या बाकी सगळ्यात तिच्या तीन वर्षांच्या नोट्स होत्या, त्यांचं काही नाही. त्यात अब्बांच्या आवाजाची अकरा रेकॉर्डिंग्ज होती. लॉकडाऊनमध्ये ती रोज दुपारी नानांच्या शेजारी मोबाइल ठेवून बसायची आणि त्यांना बोलतं करायची. अब्बांनी आयुष्यभर मनपाच्या शाळेत मराठी शिकवलं, त्यामुळे बोलायला लागले की तास संपल्याची घंटा होईपर्यंत थांबायचे नाहीत. त्यातली दोन रेकॉर्डिंग्ज पानशेतवर होती. १२ जुलै १९६१ ला धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही गेलं, तेव्हा अब्बा एकोणीस वर्षांचे होते आणि कसब्यात राहत होते. पाणी ओसरल्यावर घराघरांत साचलेला चिखल, गच्च्यांवर वाळत घातलेली पुस्तकं, चिकटलेली पानं सुटी करत बसलेली माणसं, हे सगळं त्यांच्या तोंडून ऐकण्यासारखं होतं. गेल्या वर्षी त्यांचा इंतकाल झाला. आता ते पुन्हा सांगणार नाहीत.

"दुसरी कॉपी?" मी विचारलं. फोन भरला म्हणून फोनमधून पुसली होती. आणि मी? दोन वर्षं म्हणत होतो, पेन ड्राइव्ह घेऊन येतो. गेलो नाही. ती चूक माझी आहे, तिच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. हा लेख दुसऱ्या चुकीबद्दल आहे.

आधी काय झालं ते सांगतो, कारण या ब्लॉगचे बहुतेक वाचक काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करत नाहीत. आरसिंक नावाचं एक साधन आहे. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी ते १९९६ साली जगापुढे ठेवलं आणि आजही जगभरातले सर्व्हर त्याच्यावर चालतात. एका जागेवरच्या फाइली दुसऱ्या जागी नेमक्या तशाच उतरवायच्या, बदललेल्या असतील तेवढ्याच पाठवायच्या, हे त्याचं काम. काम ते चोख करतं. त्याला हुकूम देताना सोबत काही सूचना जोडता येतात, त्यांना ऑप्शन म्हणतात. त्यातला एक ऑप्शन म्हणजे डबल डॅश डिलीट. अर्थ असा, की मूळ जागी जी फाइल नाही ती कॉपीच्या जागीही ठेवू नकोस. जुना कचरा साचू नये म्हणून लोक तो वापरतात. भाचीही महिनोन्‌महिने वापरत होती. प्रोजेक्ट नावाचा फोल्डर डिस्कवर पाठवायचा, डिस्कवरचा प्रोजेक्ट फोल्डर घरच्यासारखा व्हायचा. बाजूच्या नाना नावाच्या फोल्डरला कधी धक्का लागला नाही.

त्या दिवशी तिने फोल्डरचं नाव पूर्ण टाइप केलं नाही. दोन अक्षरं टाइप करून टॅबची कळ दाबली, शेलने उरलेलं नाव भरलं, आणि फोल्डर आहे म्हणून शेवटी एक स्लॅश जोडला. ती तिरकी रेघ. आरसिंकच्या लेखी त्या एका रेघेने हुकुमाचा अर्थ बदलतो. रेघ नसेल तर "हा फोल्डर तिकडे ने". रेघ असेल तर "या फोल्डरच्या आत जे आहे ते तिकडे ने". म्हणजे आता तुलना प्रोजेक्टची प्रोजेक्टशी राहिली नाही. प्रोजेक्टच्या आतल्या फाइलींची तुलना अख्ख्या डिस्कशी झाली. त्यात डिलीट होतंच. डिस्कवर नाना नावाचा फोल्डर आहे, प्रोजेक्टच्या आत तसा नाही, तेव्हा पुसा. प्रश्न विचारला नाही, पडद्यावर एक ओळ उमटली नाही. दोन मिनिटांनी पुढच्या हुकुमासाठी कर्सर लुकलुकायला लागला.

मुलीचा दोष इतकाच, की तिने टॅब दाबला.

आता लोक काय म्हणाले ते ऐका. कॉलेजातल्या सीनियरने विचारलं, मॅन्युअल वाचलं नव्हतंस का? माझा एक मित्र हिंजवडीत नोकरी करतो, चांगला माणूस आहे, ईदला घरी येतो, शीरखुर्मा दोन वाट्या पितो. तोही म्हणाला, "अरे, मॅन पेजमध्ये स्पष्ट लिहिलंय." तिला इंटर्नशिपवर शिकवणारा हसून म्हणाला, असे हात भाजल्याशिवाय कुणी शिकत नाही. तिघांचा सूर एकच.

मी त्या रात्री ते मॅन पेज वाचायला बसलो. ज्यांनी "स्पष्ट लिहिलंय" म्हणून सांगितलं, त्यांनी शेवटचं कधी वाचलं होतं, हे मला विचारायचं आहे. स्लॅशबद्दल लिहिलंय, हे खरं. वापराची ओळख करून देताना सुरुवातीलाच, नीट, उदाहरणासकट. डबल डॅश डिलीटबद्दलही लिहिलंय. हा ऑप्शन चुकीचा वापरला तर धोक्याचा आहे, आधी डॅश एन देऊन कोरडी तालीम करून पाहा, असंही तिथे आहे. पण दोन्ही गोष्टींच्या मध्ये ऑप्शनांचं जंगल आहे, पडदा सरकवता सरकवता बोट दुखतं. आणि या दोन गोष्टी एकत्र आल्या तर काय होतं? स्लॅश लावून डिलीट दिलं तर पोहोचण्याच्या जागेवरचं इतर सगळं जाईल, हे एक वाक्य मला ना पहिल्या जागी दिसलं, ना दुसऱ्या. तुकडे दोन्ही खरे आहेत. जोड वाचकाने लावायची. हुशार वाचक लावेलही, शांतपणे बसून वाचत असेल तर. रात्री अकरा वाजता प्रोजेक्ट जमा करायच्या आदल्या दिवशी कोण जोड लावत बसतं?

औषधाच्या बाटलीवर एका बाजूला एक इशारा, दुसऱ्या बाजूला दुसरा, आणि दोन्ही मिळून माणूस मरतो हे कुठेच नाही, अशी बाटली विकली तर आपण पेशंटला विचारू का, लेबल वाचलं नव्हतंस का म्हणून?

मला कुणी म्हणेल, एका साधनाच्या एका खोडीवरून एवढं रण पेटवू नका. खोडी एक नाही. या साधनांच्या ऑप्शनांची अक्षरंच घ्या. डॅश आर म्हणजे काय? सीपीला आणि ग्रेपला विचारलं तर "आतल्या सगळ्या फोल्डरांत शिर". एलएसला आणि सॉर्टला विचारलं तर "उलट्या क्रमाने दाखव". सीएचमॉडला दिलंत तर "वाचण्याची परवानगी काढून घे". आत शिरायचं असेल तर तिथे मोठा आर लागतो. डॅश एफ म्हणजे आरएमला "बेधडक कर", टेलला "मागोमाग येत राहा", कटला "रकाने", टारला "पुढे फाइलचं नाव येतंय". या शेवटच्याची गंमत अशी, की टारला सी, व्ही, एफ या क्रमाने अक्षरं दिली तर ठीक, पण सी, एफ, व्ही दिली तर टार व्ही नावाची फाइल बनवतं, कारण एफनंतर जे येईल ते नाव. एसएसएचला पोर्ट सांगायचं तर छोटा पी, त्याच्याच सख्ख्या भावाला एससीपीला सांगायचं तर मोठा पी, कारण छोटा पी तिथे आधीच दुसऱ्याने बळकावलेला. मायएसक्यूएलला छोटा पी म्हणजे पासवर्ड.

हे वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या काळात लिहिलेले प्रोग्राम आहेत, म्हणून सोडून देऊ. पण गिट तर एकच प्रोग्राम आहे ना? गिट ॲडला डॅश एन दिलं तर "खरं काही करू नकोस, काय करशील ते दाखव". गिट पुशलाही तेच. आणि गिट कमिटला डॅश एन दिलं तर "तपासण्या न करता सरळ कमिट कर". एका ठिकाणी जे अक्षर हात आवरतं तेच अक्षर शेजारच्या खोलीत पहारेकऱ्याला घरी पाठवतं. ज्याने पहिली दोन मनापासून शिकली तो तिसऱ्यात फसणार. म्हणजे इथे आडाखा बांधणाऱ्यालाच शिक्षा आहे. न शिकलेला वाचेल, कारण तो काही गृहीतच धरत नाही.

आमच्याकडे म्हणतात, अमल नियतीवर तोलले जातात. शेलकडे असला दयाळू हिशोब नाही, आणि मी तो मागतही नाही. यंत्राला नियत कळणार नाही. पण यंत्राची पोथी लिहिणारा माणूस असतो. त्याला कळायला काय हरकत आहे?

याला इतिहास आहे आणि तो इतिहास निर्लज्ज नाही. युनिक्स लिहिणारी मंडळी मॉडेल ३३ टेलिटाइपवर बसायची. ते यंत्र सेकंदाला दहा अक्षरं छापायचं, कळा जड असायच्या. कॉपीचं सीपी झालं, मूव्हचं एमव्ही झालं, ऑप्शन एकेका अक्षराचे झाले, यात नवल नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. आणि एक गोष्ट त्यांच्या बाजूने सांगितलीच पाहिजे. युनिक्सच्या पहिल्या मॅन्युअलवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे आणि त्यात बग्स नावाचा मथळा आहे. आपल्या प्रोग्राममध्ये काय खोट आहे, ते लिहिणाऱ्याने स्वतःच्या हाताने तिथे लिहायचं. केवढा मोठेपणा! आपल्या सरकारी परिपत्रकात "या योजनेतील दोष" असा मथळा कुणी पाहिलाय? त्या माणसांनी तोकडं लिहिलं, कारण वाचणारे शेजारच्याच खोलीत बसत होते. अडलं तर दार ठोठावायचे. पन्नास वर्षांनी वाचणारी मुलगी कोंढव्यात बसली आहे आणि दार ठोठावलं तर आतून आवाज येतो, मॅन्युअल वाच.

आता माझ्या स्वतःच्या धंद्यातलं एक, कारण या पोथ्यांची झळ मराठीत काम करणाऱ्याला दुप्पट लागते. डब्ल्यूसी नावाचा हुकूम मजकूर मोजतो. शब्दांना डब्ल्यू, ओळींना एल. मग सी म्हणजे कॅरेक्टर, अक्षरं, असं कुणालाही वाटेल. "पुणे" हा शब्द एका फाइलीत ठेवून मोजा. बारा येतात. आपण म्हणू दोन अक्षरं. सी म्हणजे इथे बाइट निघाले. अक्षरांसाठी एम लागतो, आणि एमने चार येतात, कारण उकार आणि मात्रा वेगळ्या मोजल्या जातात. इंग्रजीवाल्याला हा फरक जन्मात जाणवत नाही, त्याचं एक अक्षर म्हणजे एक बाइट. सी चुकीचा आहे हे त्याला कळायचं कारणच नाही. कट नावाच्या हुकुमात सी म्हणजे अक्षर आणि बी म्हणजे बाइट असे दोन वेगळे ऑप्शन दिलेत, म्हणजे तिथे तरी विचार केलाय असं वाटतं. जीएनयूच्या पोथीत कित्येक वर्षं काय लिहिलेलं होतं? की सध्या सी हा बीसारखाच आहे, पुढे बदलेल. "पुणे"ची पहिली चार "अक्षरं" मागितली की हातात "प" येतो आणि तुटक्या उकाराचा एक बाइट.

ही गंमत म्हणून ठीक आहे. ही ऐका. आमच्या ओळखीच्या एका छोट्या संस्थेने जुन्या नोंदवह्या टाइप करून घेतल्या होत्या, साल सगळी मराठी अंकांत. ती इंग्रजी अंकांत हवी होती, म्हणजे क्रमाने लावता आली असती. टीआर नावाचा हुकूम एका अक्षराच्या जागी दुसरं घालतो, पहिल्या पानावर त्याची तीच ओळख आहे. तिथल्या मुलाने अगदी शहाणपणाने शून्य ते नऊ मराठी अंक एकीकडे, इंग्रजी अंक दुसरीकडे दिले. १९७० चं झालं 995999999992. बारा आकडे. आणि सोबतचा सगळा मराठी मजकूर चौकटी आणि प्रश्नचिन्हांचा उकिरडा. कारण जीएनयूचं टीआर एका बाइटच्या अक्षरांपलीकडे पाहतच नाही. मराठी अंक तीन बाइटांचा, त्याने तिन्ही बाइट सुटे केले आणि सुट्या बाइटांच्या जागी आकडे भरले. हे त्याच्या पोथीत लिहिलंय का? लिहिलंय. टीआरला पूर्णपणे फक्त एकेरी बाइटची अक्षरं झेपतात, असं एक वाक्य आहे. पण "एकेरी बाइट" म्हणजे मराठी नाही, हिंदी नाही, उर्दू नाही, बंगाली नाही, हे त्या मुलाला कोण सांगणार? लिहिणाऱ्याच्या दृष्टीने ती एक तांत्रिक तळटीप आहे. आपल्या दृष्टीने तो हुकूमच निकामी आहे. "तुमची भाषा लॅटिन लिपीत नसेल तर हा वापरू नका, सेडचा वाय वापरा" एवढं लिहायला किती शाई लागते? सेडच्या वायने ते काम दोन सेकंदांत होतं, मी करून दिलं. मूळ फाइलीची कॉपी त्या मुलाकडे होती. तो माझ्या भाचीपेक्षा नशीबवान.

मला ठाऊक आहे आता उत्तर काय येणार. "मग मराठीत लिहा ना मॅन्युअल." लिहायला हवंच. ज्या शहरात १९९१ साली परम ८००० उभा राहिला, ज्या शहरातल्या लोकांनी लोहित फॉन्टची निगा वर्षानुवर्षं राखली, तिथे हे अवघड नाही. पण भाषांतराने हा रोग जात नाही. मुळात जे वाक्य इंग्रजीतच नाही त्याचं भाषांतर कशाचं करणार? आणि आपल्याकडे भाषांतर म्हटलं की लगेच दुसरा आजार सुरू होतो. ऑप्शनला "पर्यायनिर्देशक", डिलीटला "विलोपन". शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश झाला, फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले. तरी हुकूम, अर्ज, वकील, दस्तऐवज हे शब्द आजही कसब्यातल्या आजीपासून मंत्रालयापर्यंत सगळ्यांच्या तोंडी आहेत. का? कळतात म्हणून. "पुसलं जाईल" हे मला चालेल. "विलोपित होईल" वाचून भाचीने आणखी एकदा टॅब दाबला असता.

खरं तर या बाबतीत पुण्याने जगाला शिकवावं. आपण पाटीवाली माणसं. पुणेरी पाटीच्या तुसडेपणावर विनोद पुष्कळ होतात, मीही करतो. पण एकदा तिच्याकडे मॅन्युअल म्हणून पाहा. "फाटकासमोर गाडी लावू नये. हवा सोडली जाईल." काय करू नये, ते आहे. केलं तर काय होईल, तेही आहे. दोन्ही एकाच पाटीवर आहे, आणि पाटी नेमकी त्या फाटकावर आहे जिथे तुम्ही गाडी लावायला उभे आहात. पहिलं वाक्य फाटकावर आणि दुसरं वाक्य गच्चीवर, अशी पाटी सदाशिव पेठेतल्या कुठल्याच मालकाने आजवर लावलेली नाही. पाटीला नम्रता नसेल, पण तिच्यामुळे कुणाची गाडी चुकून पंक्चर झाली असं होत नाही. जो लावतो तो जाणूनबुजून लावतो. मला मॅन पेजकडून एवढंच हवंय. तुसडं बोला, चालेल. परिणाम ऑप्शनच्या शेजारी लिहा.

माझा हिंजवडीचा मित्र यावर म्हणाला, आता ऑप्शन बदलले तर जगातल्या लाखो स्क्रिप्ट मोडतील. हा आक्षेप खोटा नाही. कुणाच्या तरी बँकेत पंधरा वर्षांपूर्वीची स्क्रिप्ट रात्री दोन वाजता चालते, तिच्यातला आरचा अर्थ उद्या बदलला तर सकाळी हलकल्लोळ. म्हणून बदलू नका. मी कुठे बदला म्हणतोय? गिटचं उदाहरण पाहा. चेकआउट हा एकच हुकूम दोन भलतीच कामं करायचा. एका शाखेवरून दुसऱ्या शाखेवर जायचं, आणि फाइलीतले न साठवलेले बदल फेकून जुनी फाइल आणायची. पहिलं निरुपद्रवी, दुसऱ्यात दिवसभराचं काम न विचारता जातं. वर्षानुवर्षं लोक रडले, वर्षानुवर्षं त्यांना मॅन्युअल वाचायला सांगितलं गेलं. ऑगस्ट २०१९ मध्ये २.२३ आवृत्तीत स्विच आणि रिस्टोअर असे दोन वेगळे हुकूम आले. चेकआउट तसाच ठेवला, एकही जुनी स्क्रिप्ट मोडली नाही. म्हणजे करता येत होतं. ज्यांना मूर्ख म्हटलं त्यांचं गाऱ्हाणं बरोबर होतं. माफी कुणी मागितल्याचं मला आठवत नाही.

आणि मोठमोठ्यांचेही हात भाजतात, तेव्हा काय होतं? २८ फेब्रुवारी २०१७ ला ॲमेझॉनच्या एस-थ्री सेवेत एका अधिकृत कर्मचाऱ्याने, ठरलेल्या कृतीप्रमाणेच, काही थोडे सर्व्हर काढायचा हुकूम दिला. त्यातली एक गोष्ट चुकीची टाइप झाली, भलतेच जास्त सर्व्हर निघाले, आणि काही तास अर्ध्या इंटरनेटची दातखीळ बसली. कंपनीने नंतर जे निवेदन काढलं त्यात त्या माणसाला मॅन्युअल वाचायला सांगितलेलं नाही. साधन बदललं. सर्व्हर हळूहळूच निघतील आणि ठरावीक संख्येखाली जाऊच देणार नाही, अशी कडी घातली. त्याच्या महिनाभर आधी, ३१ जानेवारीला, गिटलॅबच्या एका इंजिनिअरने थकलेल्या रात्री भलत्या सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला. मग कळलं की बॅकअपच्या कित्येक तऱ्हा मुळात चालतच नव्हत्या. त्यांनीही सगळं उघड लिहून टाकलं आणि माणसाला फासावर दिलं नाही. हे सगळे रोज काळ्या पडद्यावर जगणारे लोक. त्यांच्या हातून चूक झाली की ती साधनाची चूक. कोंढव्यातल्या मुलीच्या हातून झाली की ती मुलीची चूक. हा न्याय मला मान्य नाही.

आपल्याकडे तर याची तालीम कॉलेजातच होते. "एलएस या आज्ञेचे कोणतेही पाच पर्याय लिहा." पाठ करा, लिहा, गुण घ्या. या पर्यायाने नुकसान काय होऊ शकतं, ही पोथी कुठे अपुरी आहे, तू ती कशी लिहिली असतीस, हा प्रश्न कुठल्या पेपरात पाहिलाय? दहावीला आपण पत्रलेखन करून घेतो, सारांशलेखन करून घेतो. इंजिनिअरला चार ओळी सरळ लिहायला कुणी लावत नाही. मग तोच पोरगा उद्या एखाद्या कंपनीत साधन लिहितो, त्याची पोथी लिहितो, आणि अडलेल्याला म्हणतो, वाचलं नव्हतंस का? अब्बा वर्गात एक करायचे. मुलाला निबंध चुकीचा कळला तर आधी फळ्यावरचा प्रश्न पुन्हा वाचून पाहायचे. बऱ्याचदा प्रश्नच पुसून नवा लिहायचे.

डिस्कचं सांगायचं राहिलं. तिच्या कॉलेजातल्याच एका मुलाने रात्रभर बसून फाइली परत काढायचा प्रोग्राम चालवला. अकरापैकी सहा रेकॉर्डिंग्ज मिळाली. नावं गेली, तारखा गेल्या, नुसते आकडे. एकेक ऐकून कुठलं कुठलं ते ओळखलं. पानशेतचं पहिलं मिळालं, ज्यात पाणी येतंय. दुसरं, चिखलाचं आणि पुस्तकांचं, नाही मिळालं.

मी मात्र आता तिच्या घरी जातो, पेन ड्राइव्ह घेऊन. गेल्या रविवारी गेलो तर ती लिहीत बसली होती. आरसिंकच्या पोथीत डबल डॅश डिलीटच्या खाली घालायला तीन वाक्यं. पाठवणार आहे म्हणाली त्यांना, घेतील न घेतील. इंग्रजी मी तपासतोय. तिने "मे डिलीट" लिहिलंय, म्हणजे पुसलं जाऊ शकेल. मी म्हणालो, बेटा, "विल डिलीट" कर. ती म्हणते, मामू, तिथे दुसरं काही नसेल तर काय पुसणार, मग ते खोटं ठरेल. यावर आमचं अजून ठरलेलं नाही.